भिंतीतला दगड

"आज पोळ्या छान फुगल्या गं," श्रीराम दगडाला सांगत होता, आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं.

छत्री घेतलेली एक बाई उभी होती. "सॉरी... सिंगापुरात, फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर मराठी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. मी मधुरा. जुन्या दफनभूमींचा अभ्यास करते." मग चाचरत म्हणाली, "पण—खाली कुणी नाही तिथे. दफनभूमी हटवली तेव्हा दगड काढून भिंतीत बसवलेत."

श्रीरामला हे माहीतच नव्हतं. बायकोच्या, प्रेमाच्या, अस्थी समुद्रात सोडल्या, तेव्हापासून त्याने समुद्राकडे पाहिलं नव्हतं. जहाजावरची नोकरी सोडून तो ऑफिसात बसू लागला. फूल ठेवायला जागा हवी होती. या दगडावर वय एकोणचाळीस लिहिलेलं—प्रेमाचंही तेवढंच.

"म्हणजे दोन वर्षं मी भिंतीशी बोलतोय."

"भिंतीने तक्रार केली का?"

तो हसला... फार दिवसांनी.

पुढच्या रविवारी ती आली. त्याच्या पुढच्याही.

"मध्ययुगात इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात पुरायचे," ती सांगायची. "डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी उठून बसलं की तोंड उजेडाकडे."

"आणि जागा संपली की?"

"जुनी हाडं काढून नीट रचून ठेवायचे. टाकून नाही द्यायचे. मग नव्याला जागा—" ती एकदम थांबली. छत्रीचं बटण उगाच उघडबंद करत राहिली.

श्रीरामने हातातलं चाफ्याचं फूल त्या दिवशी दगडापाशी ठेवलं नाही.

"बेडोकच्या जेटीवर याल? समुद्रापाशी जायला एकट्याला जमत नाही मला."

"कधी?"

"रविवारी. सकाळी पावणेसातला."

"पावणेसात! रविवारी! माणसं झोपतात हो तेव्हा."

पण ती आली, डोळे चोळत. समुद्र शांत होता, पूर्वेला उजाडत होतं. श्रीरामने कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं, बराच वेळ, आणि फूल पाण्यात सोडलं.

"प्रेमा, ही मधुरा," तो म्हणाला. "मला आवडते. पोळ्या येत नाहीत हिला."

"अहो!" मधुरा लाल झाली आणि बाकावर भलत्याच बाजूला तोंड करून बसली.

"अशा नका बसू. पूर्वेकडे तोंड करा."

"मी जिवंत आहे अजून!"

"म्हणून तर," श्रीराम म्हणाला, बाकावर टेकला, आणि सरकून त्याने तिला जागा करून दिली.