समरजित मागे बसतो

फतेगंजच्या नाक्यावर एक तरणाबांड माणूस आपली स्कूटर एका कुशीवर झोपवून तिची मनधरणी करत होता. उभी करायचा, किक मारायचा, पुन्हा झोपवायचा. मोहना कारखानीसने कायनेटिक कडेला घेतली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि मनाशी म्हणाली… मिळाला!

तसलं काही नाही हं! निदान तेव्हा तरी नव्हतं.

त्याचं असं झालं. मोहना आर्ट्स फॅकल्टीत समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती, आणि तिच्या शालिनी मॅडमनी वर्गाला एक भलताच उद्योग लावून दिला होता. "समाज म्हणजे काय, ते पाठ करून येऊ नका. एखादा साधा, कुणाला न दुखवणारा नियम मोडा आणि बघा, माणसं कुठे अडखळतात. जिथे अडखळतील, तिथे समाज आहे." वर्गातल्या एकीने मंगळबाजारात घासाघीस न करता ड्रेस घ्यायचं ठरवलं. मोहनाच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. घरोघर केबल आली होती, अलकापुरीत काचेच्या भिंतींची दुकानं उघडत होती आणि 'जमाना बदलला' असं जो तो म्हणत होता. बडोद्यात मुली दुचाकी चालवतात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. त्यांच्या मागे आई बसायची, मावशी बसायची, मैत्रीण बसायची. पण पुरुष? चांगला धट्टाकट्टा, हातपाय शाबूत असलेला पुरुष कधी मुलीच्या मागे बसलेला दिसला होता? मोहनाने वर्गातल्या मुलांना विचारून पाहिलं. एकजात सगळ्यांना त्या दिवशी नेमकी कामं निघाली.

म्हणून तर 'मिळाला'!

"क्यां जवुं छे?" तिने गुजरातीत विचारलं. रस्त्यावर बडोदेकर दुसरं काय बोलणार?

"मांजलपूर." त्याने घाम पुसला. डोक्यावर सावली गावच्या कुठल्याशा कारखान्याची निळी टोपी होती.

"बेसी जाओ."

त्याचा चेहरा उजळला. स्कूटर पानाच्या टपरीपाशी लावून तो आला, आणि सरळ पुढे येऊन त्याने हँडलला हात घातला. "लावो, हुं चलावुं."

"ना. पाछळ."

"पाछळ?"

त्याने एकदा मागच्या सीटकडे पाहिलं, एकदा टपरीवर पान चघळणाऱ्या मंडळींकडे पाहिलं आणि पुटपुटला, "अरे कर्मा!"

मोहना खुदकन हसली. "मराठी?"

"तुम्हीपण? मग आधी सांगायचं ना! मी समरजित इंगळे."

"बाप रे! नाव समरजित, आणि मागच्या सीटला घाबरता?"

"घाबरत नाही… सवय नाही."

मग मोहनाने त्याला सगळं खरंखरं सांगून टाकलं. मॅडम, प्रयोग, अडखळणारी माणसं. वाटलं होतं, हाही काहीतरी काम काढेल. पण तो मान तिरकी करून ऐकत राहिला. "म्हणजे मी तुमचा उंदीर?"

"उंदीर कसला, सहप्रवासी म्हणा."

"आणि लोक हसले तर?"

"तेच तर बघायचंय!"

त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "बरं," तो म्हणाला, "मलाही बघायचंय."

तो बसला खरा, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. गुडघ्यावर ठेवले, छातीशी बांधले, शेवटी मागची दांडी घट्ट धरून अवघडून बसला. आणि बडोदं अडखळायला लागलं.

एका रिक्षावाल्याने रिक्षा अगदी शेजारी आणली आणि काळजीने विचारलं, "भाई, तबियत तो सारी छे ने?" काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी सिग्नलला पोलीस जवळ आला. "भाईने वाग्युं छे?" त्याला वाटलं, पाय मोडलाय, दवाखान्यात नेतेय. लालबागेजवळ एक बाई नवऱ्याच्या मागे बसून चालली होती. ती यांच्याकडे वळूनवळून बघत राहिली आणि मग तिने नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसून त्यालाही दाखवलं. ती बाई मोहनाला सगळ्यात आवडली.

समरजित मात्र तिला फक्त आरशात दिसत होता. एक कान आणि अर्धं हसू, बस्स.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नाक्यावर हजर. शेजारी स्कूटर, चकचकीत पुसलेली.

"स्कूटर बरी झाली वाटतं?"

"झाली ना."

"मग?"

"प्रयोग अर्धवट कसा सोडायचा? शास्त्राचं नुकसान होईल."

"शास्त्राची फार काळजी तुम्हाला!"

"कालपासून," तो म्हणाला आणि मागे बसला.

मग ते रोजचंच होऊन गेलं. उत्तरायण तोंडावर आलं होतं. गच्चीगच्चीवरून 'कायपो छे!'च्या आरोळ्या उठत होत्या आणि कटलेल्या पतंगांचा मांजा रस्त्यावर आडवातिडवा लोंबत होता. समरजितने आपला मफलर काढला आणि तिच्या गळ्याभोवती नीट दोन वेढे घातले. "पुढे बसणाऱ्याचा गळा कापतो मांजा. मागे बसणाऱ्यालाही काहीतरी काम हवं ना!" आणि तो एक हात तिच्या डोक्यावरून पुढे धरून बसायला लागला. लोक आता आणखीच बघायला लागले.

एकदा अकोट्याकडून जाताना तो हात झर्रकन खाली आला. तिने ब्रेक दाबला. मांजा मफलरपर्यंत पोचला होता. त्याने तो मुठीत धरला होता आणि बोटातून रक्त येत होतं.

"वेडे आहात का? सोडून द्यायचा ना!"

"सोडला असता तर तुम्हाला लागला असता."

तिने रुमाल फाडून त्याच्या बोटाला बांधला. गाठ एका मिनिटात बसली, पण तिने त्याचा हात काही लगेच सोडला नाही. मोहनाला तिथे, भर रस्त्यात, लख्ख कळलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत. आणि कळल्यावर ती जाम घाबरली.

कारण एक गोष्ट तिला खुपत होती. समरजित रोज त्याच्या सोसायटीच्या अलीकडच्या नाक्यावर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी उतरायचा. "इथेच सोडा. पाय मोकळे होतात." रस्ता तर तसा सरळच होता! त्या दिवशी तिने विचारलंच, "रोज बरे पाय आखडतात तुमचे? आणि तेही इथेच?"

तो खाली बघत राहिला. "आजोबा संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. जगदेवराव इंगळे. त्यांचे वडील संस्थानच्या घोडदळात होते. आमच्या बैठकीच्या भिंतीवर अजून खोगीर टांगलंय. त्यांचा नातू बाईच्या मागे बसून आला म्हटल्यावर…"

"बाईच्या नाही, माझ्या."

तो बोटावरच्या रुमालाची गाठ उगाच घट्ट करायला लागला.

"रिक्षावाला चालला, पोलीस चालला, अख्खं बडोदं चाललं तुम्हाला," मोहना फणकारली. "फक्त तुमच्या दारात मी चालत नाही. प्रयोगापुरतीच मी! असंच ना?"

"मोहना, तसं नाही हो…"

पण तिने गाडी वळवली होती. घरी जाईपर्यंत ती रडत होती आणि वर मांज्यालाही शिव्या देत होती.

वर्गात मोहनाने आपला प्रयोग सांगितला तेव्हा पोलिसाच्या किश्शावर हशा पिकला. ती हसली नाही. "मला हे सापडलं," ती म्हणाली, "की परक्या रस्त्यावर माणूस शूर असतो. आपलं घर आलं, की गुपचूप उतरतो."

"छान सापडलं," शालिनी मॅडम म्हणाल्या. "तुझं घर कुठे गं, मोहना?"

"दांडियाबाजार."

"म्हणजे फतेगंजहून मांजलपूरला जाताना वाटेवरच की! मग तिथे काय म्हणाले लोक?"

पहिल्या दिवसापासून मोहना काळ्या घोड्याहून दांडियाबाजारात शिरलीच नव्हती. रोज अकोट्याकडून वळसा! तिकडे गर्दी कमी असते, असं ती त्याला सांगायची. स्वतःलाही तेच सांगायची. शेजारच्या दिघेकाकूंची गॅलरी, आईची खिडकी, हे काही तिच्या मनात आलंच नव्हतं म्हणे!

मोहनाचे कान तापले. ज्या गोष्टीसाठी त्या बिचाऱ्याला तडातडा बोलली, तीच ती स्वतः रोज करत होती, वर शहाणपणाही शिकवत होती.

संध्याकाळी ती फतेगंजला गेली तेव्हा तो स्कूटरला टेकून उभा होता. "मला वाटलं, तुम्ही आता येणार नाही."

"बसा. आज दांडियाबाजारातून जायचंय."

"तिकडून? तिथे तर तुमचं घर…"

"म्हणूनच. मीपण रोज चुकवत होते. बसा आता, नाहीतर माझा धीर जाईल."

ती गल्लीत शिरली. दिघेकाकू कठड्यावर वाकल्याच. आई गॅलरीत सूप घेऊन तीळ निवडत होती. मोहनाने हॉर्न वाजवला आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "आई, हे समरजित इंगळे! यांना मांजलपूरला सोडून येते!"

आईने चष्मा वर केला. त्याला पाहिलं, तिला पाहिलं, मग तिच्या गळ्याकडे पाहिलं. "मफलर कुणाचा गं?"

"यांचा… मांजा लागू नये म्हणून."

आईने पुन्हा सुपात बोटं घातली. "सावकाश जा. आणि पुढच्या वेळी रस्त्यावरून ओरडू नकोस, त्यांना वर घेऊन ये."

लालबागेपर्यंत आरशातल्या कानाचा रंग बदलला होता. मांजलपूरचा तो नाका आला, रसवाला दिसला आणि सवयीने तिने वेग कमी केला.

"थांबू नकोस," तो तिच्या कानाशी म्हणाला.

"आजोबा असतील."

"असू देत. थांबू नकोस म्हणतो ना, मोहना."

'अहो'चं 'अगं' कधी झालं, ते तिला फाटकापाशी पोचल्यावर लक्षात आलं. खुर्चीत पांढऱ्या झुबकेदार मिशांचे जगदेवराव बसले होते. समरजित उतरला. ताठ उभा राहिला.

"आजोबा, ही मोहना कारखानीस. मी रोज हिच्या मागे बसून येतो. नाक्यावर उतरतो, तुम्हाला दिसू नये म्हणून. आजपासून नाही उतरणार. आणि… तिची हरकत नसेल, तर जन्मभर असंच यायचा विचार आहे."

मोहनाने हँडल घट्ट धरलं. जगदेवराव काठी टेकत उठले. गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला काठीने टोचलं.

"गाडी कुणाची?"

"माझी," मोहना म्हणाली.

"मग हा पुढे कशाला बसेल?" म्हातारा नातवावर कडाडला. "जनावर ज्याचं, त्याने पुढे बसायचं! आमच्या वडिलांनी हेच शिकवलं. बाई का बाप्या, ते त्यांनी काही सांगितलं नव्हतं. हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी?"

समरजित सांगणार काय? कुणीच भरवलं नव्हतं. भिंतीवरच्या खोगिराकडे बघून त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"आणि खड्डा आला की हा डोळे मिटतो. माझी कंबर गेली याच्या मागे बसून. तू मिटतेस का गं?"

"नाही, आजोबा."

"मग चल, सूरसागर तळ्यापर्यंत ने मला. माझे दोस्त वाट बघत असतील." आणि धोतर सावरत जगदेवराव खुशाल मागे बसले.

"आजोबा! अहो, माझं बोलणं…" समरजित ओरडला, पण कायनेटिक निघालीही होती.

"पोरी," मागून आवाज आला, "तो जे बोलला, त्याला उत्तर दिलंस का?"

मोहनाने आरशात पाहिलं. अर्धी पांढरी मिशी, आणि तिच्या मागे, टोपी हातात धरून धावत येणारा समरजित. तिने ब्रेक लावला. रोज तो जिथे उतरायचा, तो रसाच्या गाडीचाच नाका होता.

समरजित धापा टाकत पोचला. "काय म्हणाली ही?"

"मला काय विचारतोस?" जगदेवराव म्हणाले. "पुढे बसलीय, तिला विचार."

समरजित वळसा घालून पुढे आला. या वेळी त्याने हँडलला हात लावला नाही. कितीतरी दिवस आरशात तुकड्यातुकड्याने दिसलेला तिचा चेहरा त्याने आज समोरून नीट पाहिला.

"मोहना?"

"हो," ती म्हणाली.