फोडलेलं पाकीट

मला वाट बघता येत नाही. कुणी गोष्ट सांगायला बसलं की मी शेवट आधी विचारते. त्यामुळे त्या दुपारी सुपर बाजारात जे झालं, ते माझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

कळमनुरीत स्टँडजवळ ते दुकान नुकतंच निघालं होतं. माल आपल्याच हाताने उचलायचा, टोपलीत टाकायचा... दुकानदाराला मागायचंच नाही! मी तेव्हा डी.एड.ला होते, डोंगरकड्याहून रोज काळीपिवळी जीपने यायचे. नुसतं बघायला म्हणून आत शिरले, तर फळीवर पाकिटं दिसली. वर दुकानाचंच नाव छापलेलं, खाली 'शरबत गोळ्या'. आता आमच्या आठवडी बाजारात शेंगा घ्यायच्या तर आधी दोन तोंडात टाकतात, बोरंसुद्धा चाखून घेतात. मी पाकीट दाताने फोडलं आणि एक गोळी तोंडात टाकली.

"ओ मॅडम... हे काय करून राहिलात?"

मागे एक तरुण उभा होता. दुकानाचा निळा शर्ट, हातात रिकामा खोका — आणि हसू आवरायला ओठ गच्च दाबलेले.

"चव बघून राहिले. न चाखता कोण घेतं?"

"इथं चाखता येत न्हाई. फोडलेलं पाकीट आमच्याकडं परत घेत न्हाईत."

"मग घेते की! त्याची एवढी काय तकलीफ?"

मी रागारागाने गोळी कडकन चावली. आतली आंबटगोड पूड भसकन सुटली, जिभेवर फेस चरचरला, नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी! तो आता उघड उघड हसत होता.

"ती चावायची नसते. चघळत राहायचं... आतलं शरबत आपोआप येतं."

"मला एवढा दम निघत न्हाई."

"मला निघतो," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला... जरा जास्तच.

त्याचं नाव प्रेमानंद. दुकानाच्या नावाची पाकिटं भरायचं काम त्याचंच. मागच्या खोलीत बसून तो डाळी, मसाले, गोळ्या भरायचा. त्या दिवसापासून मला शरबत गोळ्यांचं वेडच लागलं.

"कालचं पाकीट संपलं?"

"पाहुणे आले होते."

"तुमच्याकडं रोजच पाहुणे येतात व्हय?"

एकदा मी सहज म्हणाले, की मला नारंगी गोळ्या आवडतात. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या खोलीतून पाकीट आणून दिलं, त्यात सगळ्या नारंगीच.

"हे असं कसं झालं?"

"मशीन बिघडली असंल."

"मशीन तर तुमीच!"

त्याचे कान लाल झाले. पण बोलला का काही? छे! पाकीट द्यायचा, बघायचा, मान खाली घालायचा. आणि इकडे माझं कशातच लक्ष लागेना. सराव पाठात मुलांना बेरीज शिकवताना मी फळ्यावर वजाबाकी करून ठेवली. पोरं हसली, आणि मी त्यांच्यावरच खेकसले. राग त्यांच्यावर नव्हता. मला प्रेमानंद आवडत होता, आणि तो दगड काही हलत नव्हता!

त्यातच दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवताना सांगून टाकलं, "सरिता, रविवारी नांदेडचे पाहुणे येऊन राहिलेत तुला बघायला. पोरगं बँकेत हाय."

"दादा, मला आत्ताच..."

"काहून? मनात कोणी हाय का?"

काय सांगणार होते? ज्याचं नाव घ्यायचं, त्याने माझं नाव घेतलं होतं कुठे?

शनिवारी मी कॉलेज सुटताच दुकानात धडकले. बाहेर काळीपिवळीवाला हॉर्न बडवत होता.

"उद्या मला बघायला येऊन राहिलेत. नांदेडचे."

प्रेमानंदच्या हातातला खोका खाली टेकला.

"...बरं."

"बरं? एवढंच?"

"म्हणजे... दिवाळीला माझी नोकरी पक्की होणार हाय. तवर थांबता आलं असतं तर..."

"कशासाठी थांबू? बोला ना!"

तो खोक्याची कड नखाने खरवडायला लागला. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त चीड आली. मी फळीवरचं पाकीट ओढलं, टर्रकन फोडलं आणि एक गोळी त्याच्यापुढे धरली.

"खा. अन् चावून खा! चघळत बसलात, तर उद्या माझं ठरून जाईल."

त्याने गोळी तोंडात टाकली. माझ्याकडे बघितलं... आणि कडकन चावली. ठसका लागला, डोळे पाण्याने भरले, आणि त्या ठसक्यातच तो ओरडला —

"नांदेडवाल्याला नको म्हण, सरिता! मला तू पाहिजेस!"

सगळं दुकान आमच्याकडे वळलं. काउंटरवरच्या मोतीबाई बिल करायच्या थांबल्या.

"कवा येऊन राहिलेत ते?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"दुपारी."

"मग आमी सकाळीच येतो. आईला घेऊन."

आणि मग त्याला लोक दिसले. चेहरा उतरला, आवाज खाली आला.

"घाईत बोलून गेलो... तुला पटत नसंल तर शब्द परत घेतो."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. मी ते फोडलेलं पाकीट छातीशी धरलं.

"इथं फोडलेलं परत घेत न्हाईत," मी म्हणाले आणि पळत जाऊन काळीपिवळीत बसले.