पेट्रोल कुठे मुरतं?

“दिसलं का काही?” खुशालनं वाकून विचारलं.

“नाई रे! टाकी खालून कोरडी, नळी कोरडी. एक थेंब गळून नाई राह्यला!” गाडीखालून गोकुळाचा वैतागलेला आवाज आला.

गडचिरोलीच्या दवाखान्यासमोर फिरत्या दवाखान्याची गाडी निघायच्या तयारीत उभी होती. दिवाळीची सुट्टी लागली होती. वसतिगृहात राहणारा त्यांच्या वर्गातला कोलू आज घरी, मुरमटोल्याला, चालला होता. गाडीही तिकडेच हिवतापाची औषधं घेऊन जाणार होती. गोकुळा आणि तिचा चुलतभाऊ खुशाल, दोघांनाही डॉक्टरांनी सोबत यायची परवानगी दिली होती. जंगल, नाला, कोलूचं गाव! किती बेत आखले होते तिघांनी!

पण गोकुळाचं मन कशातच लागत नव्हतं. गाडीचे ड्रायव्हर लटारूभाऊ म्हणजे तिचे बाबा आणि खुशालचे मोठेबाबा. दसऱ्यानंतर ही गाडी एकाएकी दुप्पट पेट्रोल प्यायला लागली होती. बाबांनी प्लग घासले, कार्बोरेटर उघडून धुतला, चाकांतली हवा तपासली. शेवटी गाडी चांद्याच्या वर्कशॉपात नेली. तिथल्या मिस्त्रींनी ती पळवून पाहिली आणि सांगितलं, “गाडी एकदम ठणठणीत!”

तिथेच सगळं बिघडलं. गाडी ठणठणीत आहे, तर मग पेट्रोल जातं कुठे? वर्कशॉपापासून दवाखान्यापर्यंत ज्याचं त्याचं बोट बाबांकडे वळलं.

कंपाउंडर नानाजी गाडीच्या मागच्या फळीवर औषधांची लोखंडी पेटी बांधत होते. फळीला पाय लावून त्यांनी दोर करकचून आवळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गाडी थोडीच पेट्रोल विकते! विकणारा माणूसच रायते!”

“माझे बाबा चोर नाईत!” गोकुळा ओरडली.

“मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस, मुली,” डॉक्टर गुणवंतराव म्हणाले. “आणि पुन्हा गाडीखाली शिरायचं नाही. लटारूभाऊ, माझा नाइलाज आहे. या फेरीनंतर मला दुसरा ड्रायव्हर मागवावा लागेल.”

 बाबांनी गाडीचं दार ओढलं, पण ते नीट लागलं नाही. त्यांना ते पुन्हा ओढावं लागलं. गोकुळानं मान फिरवली.

गाडी सागाच्या जंगलातून धुरळा उडवत निघाली. मुरमटोल्याची घरं दिसायला लागली, तेवढ्यात इंजिननं आचके दिले आणि ते बंद पडलं.

“टाकी संपली!” बाबा हताशपणे म्हणाले. “पह्यले येऊन-जाऊन उरत होतं, साहेब. आता एकीकडचंही पुरलं नाई.”

परतीसाठी ठेवलेला पेट्रोलचा एकच डबा गाडीत होता. त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. कोलूनं हाक मारताच गावातले लोक धावत आले आणि त्यांनी गाडीला खांदे लावले.

“जोर लावा! होय्या!”

गाडी इंचभर सरकली आणि थांबली.

“सपाट रस्ता हाये, तरी काऊन हालत नाई?” खुशाल धापा टाकत म्हणाला. “मागं आपल्या गल्लीत मोठेबाबांनी अन् मी, दोघांनीच ढकलली होती!”

“खाऊन येत जा!” नानाजी हसले. ते स्वतः मात्र सावलीत उभे होते.

कशीबशी गाडी गावात पोचली. सगळ्यांचे जीव मेटाकुटीला आले होते. कोलूनं तांब्याभर पाणी घेऊन मागच्या चाकापाशी पाय धुतले. चार शिंतोडे चाकाच्या मधल्या लोखंडावर उडाले.

छस्स!

“अरे! चाक तापलं हाये!” कोलू दचकला. त्यानं पुढच्या चाकावर पाणी टाकलं. काहीच नाही! ते जेमतेम कोमट होतं.

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. गोकुळा काही बोलणार, इतक्यात कोलूची आई, बुधरी, झोपडीतून रडत धावत आली.

“कोलू! सोमारी डोळे नाई उघडून राह्यली!”

सोमारी म्हणजे कोलूची धाकटी बहीण. ती बाजेवर निपचित पडली होती. अंग निखाऱ्यासारखं तापलेलं आणि दातखीळ बसलेली. डॉक्टरांनी घाईघाईनं इंजेक्शन दिलं, नाडी धरून बसले आणि मग हळूच बाहेर आले.

“ताप डोक्यात चढलाय. हिला दवाखान्यात न्यायलाच हवं, आणि तेही आजच.”

“मंग चला ना, साहेब!” कोलू म्हणाला.

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं. “एवढ्या पेट्रोलात ही गाडी अर्ध्या वाटेतच बंद पडेल. भर जंगलात पोरीला घेऊन काय करायचं? बैलगाडी जुंपा.”

“बैलगाडीनं उद्या पोचू!” खुशाल कळवळून म्हणाला.

 बुधरी दारातच खाली बसली. कोलूनं बहिणीचा हात धरला, तो लगेच सोडला आणि बाहेर येऊन खांबाला डोकं टेकून उभा राहिला. त्याचा एवढा हसरा चेहरा, पण आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. आपण शिकलोसवरलो, शहाणे झालो, आणि आता नुसतं बघत बसायचं? गोकुळाला राहवेना.

तिनं डोळे पुसले. “खुशाल, चाक तापते कधी?”

“घासल्यावर. उतारावर ब्रेक लावला की तापते. मोठेबाबांनीच सांगितलं होतं.”

“पण आपण तर सपाटीवर होतो! म्हणजे ब्रेक आपोआप लागून राह्यला! म्हणूनच गाडी ढकलली जात नव्हती!”

खुशालचे डोळे विस्फारले. “मंग चांद्याच्या मिस्त्र्याले काऊन नाई सापडला?”

“चांद्याले गाडी गेली तेव्हा... रिकामी होती!” गोकुळा एकदम थांबली. “खुशाल, ही लोखंडी पेटी कधी आली?”

“दसऱ्याले!”

सांगून कोण ऐकणार? नानाजी तर मुळीच नाही! ते झाडाखाली बाजेवर टेकणार, एवढ्यात गोकुळा ओरडली, “नानाजी, त्या बाजेत ढेकूण हायेत! पेटी काढून घ्या ना बसायले!”

नानाजी टुणकन उठले. त्यांनी स्वतःच दोर सोडला, पेटी उतरवली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

“आता!” गोकुळा कुजबुजली. खुशाल धावला, कोलूही आला. तिघांनी गाडीला हात लावले, आणि गाडी गडगडत पुढे निघाली!

“अरे, अरे! कोणी ढकलली?” डॉक्टर धावत आले. बाबांनी उडी मारून आत पाय घातला आणि ब्रेक दाबला.

“आम्ही तिघांनी, साहेब!” गोकुळा म्हणाली. “मघा एवढ्या माणसांना दम लागला, ती आम्ही पोरांनी हालवली!”

“हॅट्! ओझं उतरलं म्हणून!” नानाजी फिस्कारले.

“मंग पेटी परत ठेवा. बांधू नका!”

पेटी फळीवर ठेवली. मुलांनी ढकललं. गाडी थोडी जड गेली, पण चालली!

“आता तुमी रोज बांधता तशी बांधून दाखवा, नानाजी!”

सगळं गाव बघत होतं. नानाजींनी फळीला पाय लावून दोर आवळला. मुलांनी ढकललं. गाडी जागची हलेना. गावातली माणसं पुढे आली, त्यांनीही जोर लावला. तेव्हा कुठे ती इंचभर सरकली!

कोलू सरपटत गाडीखाली गेला. “इथी पाहा! दोर एका तारेवरून गेला हाये! तार ताणली हाये!”

बाबा त्याच्या शेजारी जाऊन आडवे झाले. त्यांनी बोटानं तार चाचपली. मग बाहेर येऊन ते डॉक्टरांसमोर उभे राहिले.

“हातब्रेकची तार हाये, साहेब. दोर आवळला की तार खेचते अन् मागचं चाक धरून ठेवते. गाडी ब्रेक ओढतच चालत होती. म्हणून पेट्रोल जळत होतं. पेटी मी कधी बांधत नाई. मी पाहाचो तेव्हा पेटी उतरलेली रायची. मले कसं दिसन?”

नानाजींचा चेहरा पांढरा पडला.  डॉक्टरांनी एकच विचारलं, “डब्यातलं पेट्रोल पुरेल?”

“गाडी पह्यल्यासारखी चालली तर पुरन.”

“पेटी इथेच राहू द्या. पोरीला उचला!”

डबा टाकीत ओतून गाडी निघाली. बुधरीच्या मांडीवर सोमारीचं डोकं होतं. प्रत्येक चढावर गोकुळा जीव मुठीत धरून इंजिनचा आवाज ऐकत होती. जिथे जिथे उतार लागला, तिथे बाबांनी इंजिन बंद केलं आणि गाडी पाण्यासारखी वाहत खाली गेली. सूर्य झाडांमागे जात असताना गडचिरोलीची घरं दिसली. टाकीत अजून पेट्रोल होतं!

पण पोरीला आत नेलं, दार बंद झालं, आणि मुलांच्या हातात काहीच उरलं नाही. आता ढकलायला गाडी नव्हती की सोडायला दोर नव्हता. कोलू ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसला.  गोकुळा आणि खुशाल नुसते त्याच्या शेजारी बसून राहिले.

सकाळी दार उघडलं. डॉक्टर दमलेल्या डोळ्यांनी बाहेर आले.

“कोलू, तुझी बहीण आईला हाक मारतेय. काय रे म्हणतेय ती? यायो, यायो!”

कोलू हसला की रडला, ते त्यालाही कळलं नाही. तो धडपडत आत पळाला.

डॉक्टरांनी गोकुळा आणि खुशालच्या खांद्यांवर हात ठेवले. “पेट्रोल कुठे जातं, हे आम्ही सगळे विचारत होतो. शोधलं मात्र तुम्ही तिघांनी. एकेक गोष्ट बदलत, पुराव्यानिशी! शाब्बास! आज ही पोर तुमच्यामुळे वाचली.”

नानाजी खाली मान घालून पुढे आले. “लटारूभाऊ, मी लई वंगाळ बोललो. माफ करा.”

“मीही चुकलो,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्यावर संशय घ्यायला नको होता.”

बाबांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “इथी बोलून काय होणार, साहेब? मले चोर म्हणून चांद्याच्या वर्कशॉपात सारे ओळखतात. तिथी सांगा.”

“सांगेन. आजच जाऊ. सगळ्यांसमोर सांगेन.”

बाबांनी गाडीचं दार उघडलं आणि मागे वळून हाक मारली, “गोकुळे! खुशाल! चला, बसा पुढं. कसं शोधलं ते तुमीच सांगा मिस्त्र्याईले!”