तिसऱ्या हाकेला

नववीची परीक्षा संपली आणि अम्मीनं मला डाळजला पाठवलं. फरजाना खाला, म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, स्कूटीवरून घसरली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. भाकरी थापायला, भांडी घासायला आणि तिच्या चार वर्षांच्या दानिशला सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

"तितं बोलायला कोन न्हाय. तुला बरंच हाय की," अम्मी माझी पिशवी भरताना म्हणाली. ती चिडवत होती, पण खोटं नव्हतं. मी फार बोलत नाही. वर्गात हजेरी देते तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली माझ्या वतीनं ओरडतात, "आहे बाई, आहे ती!"

बारामतीहून भिगवणपर्यंत एसटी आणि पुढं इमाम खालूंची, म्हणजे खालाच्या नवऱ्याची, मोटारसायकल. खालू लोणी देवकरला एका कारखान्यात कामाला आहेत. हायवे सोडून आत गेलं की वस्तीच्या अगदी टोकाला त्यांचं पत्र्याचं घर. पुढं रस्ता, मागं परस. परसात एक जुना शेवगा, कढीपत्ता, दगडाची न्हाणी आणि काटेरी तारेचं कुंपण. कुंपणापलीकडं धरणाची जमीन. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं आणि काळा गाळ उघडा पडतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, खाली मात्र ओलाच असतो. मागं गेलेलं पाणी आपल्या मोटारीपर्यंत आणायला शेतकरी त्या गाळातून जेसीबीनं खोल चारी खणतात. खालाच्या परसातून अशी एक चारी सरळ दिसायची, थेट पाण्यापर्यंत गेलेली. वारा तिकडून आला की मेलेल्या माशांचा आणि शेवाळाचा वास घरभर भरायचा.

आम्ही पोचलो तेव्हा खालूंनी फाटकाशी गाडी उभी केली आणि हाक मारली, "फरजाना…"

आतून काहीच नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "फरजाना…" तरी नाही. मला वाटलं, घरी कुणी नसेल. तिसऱ्यांदा हाक मारल्याबरोबर दार उघडलं आणि खाला हसत बाहेर आली.

"ऐकू नव्हतं आलं?" मी विचारलं.

"पयल्यालाच आलं की. पान्याच्या कडंला ऱ्हानाऱ्यानं पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाय. दुसरीला बी न्हाय. जे मानूस न्हाय, त्याला तिसरी हाक मारता येत न्हाय. माझ्या सासूनं शिकवलंय."

"मोबाइल बी तिसऱ्या रिंगलाच उचलती ही," खालू म्हणाले. "एक दिवस सायबाचा फोन कट व्हईल आन माझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या की. नवरा तर ऱ्हाईल."

या नियमात सगळ्यात पक्का होता दानिश. घरात सगळे त्याला दान्याच म्हणायचे. हाक आली की खेळता खेळता तो एक बोट वर करायचा. दुसरी आली की दुसरं. तिसरं बोट उघडलं की "ओ!" असं ओरडून पळत सुटायचा. हाका मारणाऱ्यालाही सवय झाली होती. त्या घरात कुणीच कुणाला एकदाच हाक मारत नव्हतं.

पहिल्याच पहाटे मला शिट्टीनं जाग आली. शेवग्याच्या शेंड्यावर दयाळ पक्षी बसला होता. काळाकुळकुळीत, पोट आणि पंखावरची पट्टी पांढरी, शेपूट ताठ. त्याची राखाडी मादी खालच्या फांदीवर होती. शेवग्याच्या खोडाला एक ढोली होती, तिच्यात त्यांची पिल्लं होती. दयाळ इतका गोड गात होता, की मी उशीवरून डोकंसुद्धा हलवलं नाही.

मग गाणं थांबलं आणि त्याच फांदीवरून कुकरची शिट्टी झाली. मग खालूंचं खाकरणं. मग खालाचा आवाज, थोडा बारीक, पण तिचाच, "ए दान्या, चप्पल घाल!"

मी खिडकीशी जाऊन बघितलं. दयाळाचा गळा फुगत होता, चोच उघडत होती, शेपूट थरथरत होती. तोच बोलत होता.

"दोन वर्सं झाली, असंच हाय," खालू चहा पिताना म्हणाले. "माझी गाडी यायच्या आदी तिचा आवाज काढतंय. ही बया चहा टाकून बसती आन मी आपला कारखान्यात."

मला त्या पाखरांचा नादच लागला. भांडी घासता घासता मी त्यांच्याकडं बघत बसायचे. शेजारच्या द्वारकाबाई दुधाची चरवी घेऊन यायच्या. त्यांना मी एकदा हळूच विचारलं, की हे बोलतं कसं.

"साळुंकी बोलती एकादी, पन दयाळ बोलल्याला मी बी हितंच बघितला," त्या म्हणाल्या. "मनानं काय बोलत न्हाय बरं का, पोरी. ऐकल्यालंच बोलतंय."

त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघी न्हाणीजवळ धुणं वाळत घालत होतो. ऊन रणरणत होतं. गाळावर नुसती वाफ. कुत्रीसुद्धा कुठं दिसत नव्हती. शेवग्यावरून खालाचा आवाज आला.

"ये… ये बाळा… पानी गार हाय…"

खालाच्या हातातला चिमटा खाली पडला.

"खाला, तुझीच नक्कल केली," मी हसून म्हणाले.

ती हसली नाही. "आवाज माझाच हाय. पन मी असं कवाच म्हनले न्हाय, साजिया."

रात्री जेवताना तिनं खालूंना सांगितलं. खालू म्हणाले, "आंगुळीच्या वक्ताला म्हनली असशील."

"मी त्याला कोमट पानी देते. आन पान्याकडं तर मी त्याला बघू सुदिक देत न्हाय." तिनं ताट बाजूला सारलं. "द्वारकाबाई काय म्हनत्यात? ऐकल्यालंच बोलतंय. मग ह्यानं हे कुनाचं ऐकलं?"

खालूंनी ताटातली भाकरी मोडली. सकाळी कामाला जाण्याआधी त्यांनी कुंपणाच्या मागच्या फाटकाला तार गुंडाळली.

त्या दिवशीही दुपारी तसंच ऊन होतं. मी पुढच्या ओट्यावर भांडी घासत होते. दान्या माझ्याशेजारी बाटल्यांची झाकणं रांगेत लावून त्यांची मालगाडी करत होता. खाला मघाशी एका हातानं बादली घेऊन परसात गेलेली मी पाहिली होती.

घराच्या मागून हाक आली.

"दान्या…"

त्यानं मान वर न करता एक बोट उघडलं.

"दान्या…"

दुसरं बोट. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कुजबुजला, "आजून येक."

आम्ही दोघं थांबलो. नळाचं पाणी तेवढं वाहत होतं. मग हाक आली, अगदी खालासारखी, शेवटी जरा लांबवलेली.

"दान्याऽऽ…"

"झाली की तिसरी," मी म्हणाले. "जा, अम्मी बोलावतीय."

"ओ!" करून तो घरातून मागं पळाला. मी तवा घासत राहिले.

तवा घासून होतो न होतो तोच पुढचं फाटक वाजलं. खाला आत आली. तिच्या हातात ताकाचा तांब्या होता.

"कडंच्या बोळातनं द्वारकाबाईकडं गेलते," ती म्हणाली. "दान्या कुटंय?"

मग ती तिसरी हाक मारली कुणी? मी नुसतं घराच्या मागं बोट दाखवलं.

तांब्या कुठं पडला ते मला माहीत नाही. आम्ही दोघी परसात धावलो. फाटकाची तार सोडलेली होती. तिचे वेटोळे नीट उलगडून ती खुंटीला अडकवून ठेवली होती. चार वर्षांच्या मुलाचा हात त्या खुंटीपर्यंत पोचत नाही. बाजूच्या तारेवर दोन्ही दयाळ गप्प बसले होते, पाण्याकडं तोंड करून.

गाळात पाय जात होते. एक पाय काढावा तर दुसरा पोटरीपर्यंत रुतायचा. लहान लहान पावलं मात्र पुढं सरळ गेली होती, वरच्यावर, कुठंही न रुतता. पावलांच्या शेवटी दान्या उभा होता. चारीच्या अगदी काठावर. खाली हिरवट पाणी. दोन्ही बाजू जेसीबीनं उभ्या कापलेल्या, गुळगुळीत. आत पडलं तर मोठ्या माणसालाही वर येता येणार नाही.

"दान्या!" खाला ओरडली.

त्यानं वळून बघितलं.

"दान्या…" चारीच्या पलीकडच्या टोकाकडून, पाण्याकडून आवाज आला. तोच आवाज. तितकाच लांब.

त्यानं तिकडं बघितलं.

"दान्या, हिकडं ये! मी हितं हाय!"

"दान्या… हिकडं ये… मी हितं हाय…"

तो गोंधळला. एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिला. त्याच्या पायाखालून ओल्या मातीचा एक तुकडा सुटला आणि खाली पाण्यात पडल्याचा आवाज झाला. खालानं तोंडावर हात दाबून धरला. तिचे डोळे माझ्याकडं वळले.

"मी हाक मारली की ते बी मारतंय…" ती बोटांच्या मागून म्हणाली. "तू मार… तुझा आवाज न्हाय त्याच्यापाशी… साजिया, मार की…"

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. आतून नुसती हवा येत होती.

पाण्याकडून हाक आली. "दान्या…"

दान्यानं डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

"दानिश!" मी ओरडले. तो माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भिगवणच्या हायवेपर्यंत गेला असेल.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं. तो मोजत होता. त्याला शिकवलं होतं तसंच, शहाण्या मुलासारखं. दोन हातांवर दोघांचं.

"दान्या…" डावं दुसरं बोट.

"दानिश!" उजवं दुसरं.

काठाची माती पुन्हा सुटली. त्याची एक टाच आता हवेत होती. पलीकडं श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, एखादी बाई लांब हाक मारायच्या आधी छाती भरून घेते तसा. मी थांबले नाही.

"दानिश!"

"ओ!" तो म्हणाला आणि माझ्याकडं पळत सुटला.

मी त्याला पकडलं तेव्हा त्याच्या मागं, जिथं तो उभा होता तिथला सगळा काठ गुपचूप खाली बसला. तिसरी हाक पलीकडून आलीच नाही. पाण्यावर एक वर्तुळ मात्र उठलं आणि मोठं होत होत आमच्या बाजूच्या काठाला लागलं.

घरी आणून खालानं त्याचे पाय धुतले. ती रडत होती आणि तो तिच्याकडं नवलानं बघत होता.

"अम्मी, तू हिकडं कशी?" त्यानं विचारलं. "तू तर पान्यात होती. केस सोडून."

इमाम खालू दिवस मावळायच्या आत आले. द्वारकाबाईंनी फोन केला होता. त्यांनी आल्या आल्या कुऱ्हाड घेतली, शिडी शेवग्याला लावली, घमेल्यात सिमेंट कालवलं.

"ही ढोली बुजवतो आन झाड तोडतो," ते वर चढत म्हणाले. "हीच दोन पाखरं. ह्यांनीच नेलं माझ्या पोराला."

आत पिल्लं ओरडत होती. दोन्ही दयाळ खालूंच्या डोक्यावरून झेपा घेत होते. खाला दान्याला मांडीवर घेऊन न्हाणीच्या दगडावर बसली होती. तिलाही तेच हवं होतं, मला दिसत होतं.

मी शिडीशी गेले. "खालू…"

"बाजूला हो, साजिया."

"खालू, आम्ही परसात पळालो तेव्हा ते दोघं या तारेवर बसले होते." माझा घसा अजून दुखत होता. "पाण्याकडून हाका येत होत्या, तेव्हाही तिथंच होते. मी मागं वळून बघितलं होतं. दोघांच्या चोचीत अळ्या होत्या, खालू. चोची भरलेल्या होत्या."

खालूंचा हात तसाच राहिला. थापीवरचं सिमेंट खाली ठिबकलं. ते बराच वेळ धरणाकडं बघत राहिले. मग खाली उतरले आणि कुऱ्हाड न उचलताच त्यांनी शिडी बाजूला ठेवली.

ऊन उतरलं होतं, गाळ तांबूस दिसत होता. थोड्या वेळानं नर दयाळ भीत भीत ढोलीशी आला. त्याच्या मागून मादी. पिल्लांच्या पिवळ्या चोची बाहेर आल्या आणि चिवचिवाट सुरू झाला. ते बघून खालाच्या चेहऱ्यावरसुद्धा जरा हसू आलं.

मग पिल्लं एकदम थांबली. सगळ्यांनी चोची मिटल्या आणि ती ढोलीत आत आत सरकली. नर आणि मादी, दोघांनी मान तिरकी केली आणि पाण्याकडं वळून ती निश्चल झाली. काहीतरी नीट ऐकावं तशी.

मी कान दिले. मला काहीच ऐकू आलं नाही. खालालाही नाही, खालूंनाही नाही.

खालाच्या मांडीवर दान्यानं मात्र त्या पाखरांसारखीच मान तिरकी केली होती. आणि त्याच्या डाव्या हाताचं एक बोट हळूहळू उघडत होतं.