काट्यांमागची चेटकीण

रत्नदीप सिंदी गावातल्या एका बंद जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या जुन्या कारखान्यात, आला होता बॅलेचे दिवे लावायला. शिडीवरून उतरताना त्याचा पाय तालमीला आलेल्या पौर्णिमाच्या पोशाखाच्या काळ्या पंखात अडकला आणि दोघंही जुन्या पोत्यांवर कोसळली.

"लागलं का तुले?"

"पंखाले लागलं," ती म्हणाली... आणि हसली. त्याच्या पापण्यांवर कापूस चिकटला होता. संपलं, तिथेच तिचा जीव जडला.

पण नशीब बघा! बॅले बसवणाऱ्या नलू मॅडमनी त्याला एकट्यानं जनरेटर सरकवताना पाहिलं आणि थेट राजपुत्रच करून टाकलं. गोष्ट शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येचीच, पण अंगावर काटा आणणारी... काळोखा महाल, वटवाघळं, आणि मत्सरापायी राजकन्येला झोपवणारी चेटकीण. राजकन्या आचल, चेटकीण पौर्णिमा. म्हणजे रत्नदीपनं रोज आचलला दोन्ही हातांवर उचलायचं, आणि पौर्णिमानं समोर काट्यांच्या कुंपणामागे तालावर पाय आपटत ते बघायचं! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"काय अभिनय करतेस गं!" मॅडम म्हणायच्या. अभिनय होता कुठे तो!

प्रयोगाच्या संध्याकाळी आचलनं झोपेतच त्याच्या गळ्यात हात टाकले — तालमीत कधी टाकले नव्हते! — आणि पौर्णिमाचं डोकंच फिरलं. नाचो मेला तिला घेऊन! तिने पाय थांबवले.

रत्नदीपही थांबला. हातांवर आचल, संगीत पुढे निघालेलं, आणि हा कावराबावरा होऊन पौर्णिमाच्या पायांकडे बघतोय... तिने हळूच एक पाय आपटला. त्याने एक पाऊल टाकलं. तिने दुसरा आपटला, त्याने दुसरं टाकलं. अगं बाई! हा इतके दिवस तिच्याच पायांवर नाचत होता तर!

पडदा पडताच तिने त्याला गाठलं.

"माह्या पायाकडं काऊन पाहून राह्यला होता?"

"मले ताल कुठं समजते? पहिल्या दिवसापासून तूच नाचवून राह्यली मले. पण तू काऊन थांबली?"

"तिनं तुह्या गळ्यात हात टाकले म्हणून! जीव जळते माहा. आवडतो तू मले... समजलं?"

त्याचे कान लाल झाले. "मले बी तूच आवडते. मॅडमले सांगतो मी... पुढच्या खेपेले राजकन्या तूच होजो."

"नाई!" पौर्णिमा ठसक्यात म्हणाली. "झोपू दे तिलेच, डोळे मिटून. माहे उघडे पाह्यजे... तुले पाहाले."