खाऱ्या वाऱ्याचा पिंजरा

माझ्या पाटीत वरून नट पडला, त्या दिवशी मी आधीच चिडलेली होते. सकाळीच एका गिऱ्हाइकिणीनं माझ्या पापलेटाला शिळं म्हटलं होतं. वरळीच्या धोंडू नाखव्याची लेक शिळं विकते, असं कोणी म्हटलं की माझं डोकं दिवसभर ठिकाणावर येत नसे. त्याच डोक्यावर पाटी घेऊन मी करी रोडच्या नव्या कारखान्याच्या भिंतीखालून चालले होते, तेवढ्यात थप्प आवाज झाला आणि मान खाली बसली. हातानं चाचपलं तर मासळीत हा एवढा लोखंडी नट.

डोक्यावर पाटी असली की वर बघता येत नाही. मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले, आणि मगच बघितलं. गच्चीच्या कठड्यावरून एकजण वाकून बघत होता. सावळा, कपाळावर तेलाचा डाग, आणि डोळे मात्र अगदी अपराधी.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"मला नाय. पापलेटाला लागलं."

तो हसला नसता तर मी पुढे निघून गेले असते. हसला, म्हणून मी जिना चढले.

प्लेग यायच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. गच्चीवर लोखंडी नळ्यांची रांगच रांग उभी होती, माणसाच्या डोक्याहून उंच. वरून नळ्यांवर बारीक पाणी ठिबकत होतं आणि वाऱ्याबरोबर त्याचे तुषार अंगावर येत होते. चैत्रातल्या सकाळच्या उन्हातही ते इतके गोड लागले की मी भांडायला आले होते, हेच विसरले. तो पुढे झाला आणि पाटी उतरवायला त्यानं दोन्ही हात वर केले.

"हात लांब," मी म्हटलं. "परक्या बाप्याला मी पाटी उतरवायला सांगत नाय."

हा नियम माझ्या आयेचा. भरली पाटी एकटीला उतरवता येत नाही, कोणाचा तरी हात लागतोच. पण तो हात घरच्याचा तरी असावा, नाहीतर बाईचा. मी खाली हाक मारली, पहारेकऱ्याची बायको रखमा वर आली आणि तिनं पाटी उतरवली. तो तोवर हात तसेच वर धरून उभा होता. मग त्यानं ते उगाच पंच्याला पुसले.

त्याचं नाव महादेव. कारखाना बर्फाचा होता. यंत्राबरोबर विलायतेहून जो साहेब यायचा होता, तो तापानं एडनलाच उतरला आणि तिथूनच परत गेला. आली फक्त पेट्यांची चळत आणि नकाशे. शेटनं मग गोदीत फिटरचं काम करणाऱ्या महादेवला बोलावून विचारलं, जमेल का. तो हो म्हणाला. देशी माणसानं एकट्यानं उभं केलेलं असं यंत्र शेटनं ऐकलंही नव्हतं, आणि महादेवनंही. हे सांगताना त्याची छाती जरा पुढे आली होती. मला ते आवडलं. मला गर्विष्ठ माणसं आवडतात, कारण मी त्यातलीच.

"आणि या पिंजऱ्यात काय पाखरं ठेवणार?"

"अमोनिया गॅस. खालचं यंत्र त्याला दाबतं, दाबला की तो तापतो. तापून इथं वर येतो. तो पंखा बघ, पट्ट्यावर फिरेल... वारा नळ्यांतून गेला की गॅस निवतो आणि त्याचं पाणी होतं. ते खाली जाऊन पुन्हा उकळतं, तेव्हा पाण्याच्या हौदातली सगळी उष्णता ओढून घेतं. मग बर्फ."

"म्हणजे वाऱ्यावर बर्फ करतोस."

"तसंच म्हण."

ताजी मासळी विकणारीला बर्फाचं काय कौतुक. बर्फातली मासळी म्हणजे शिळीच, असं मी तोंडावर सांगितलं. पण बोलताना माझं लक्ष नळीला बांधलेल्या दोरीकडे गेलं. ती गाठ मी रोज बघत होते, आमच्या घरी, जाळ्यावर.

"ही गाठ तुला कोणी शिकवली?"

त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला. "बानं. माहीमला."

म्हणजे आमच्यातलाच. कोळ्याचा पोर, आणि वल्हं टाकून हातात पाना घेतलेला. माझ्या बाला हे कळलं असतं तर तो थुंकला असता. मी मात्र नट परत करायचा विसरले... म्हणजे विसरले असं घरी म्हटलं.

त्यानंतर माझी वाट करी रोडवरूनच जाऊ लागली. लांबची होती, पण माझे पाय माझे होते. दुपारी मी पोचायचे तेव्हा महादेव काम आटोपून खाली सावलीत असायचा. लोखंड उन्हात हात लावू देत नाही, म्हणून तो पहाटेच गच्चीवर जायचा आणि नऊ वाजले की उतरायचा. ओळंबा सोडून खांब सरळ केले, पाणसळ लावून नळ्या एका पातळीत आणल्या. गंधकाची पेटती वात प्रत्येक सांध्यापाशी फिरवली. गॅस गळत असेल तर तिथं पांढरा धूर उठतो. एकाही सांध्यातून उठला नाही. बॉयलरवाला विल्फ्रेड मला बघितलं की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, महादेवा, धूर तुझ्याच डोक्यातून येतोय. महादेवचे कान लाल व्हायचे, आणि मी रखमाशी बोलत असल्याचं सोंग करायचे.

यंत्र सुरू करायचा दिवस ठरला. शेटनं सकाळी पाहुणे बोलावले, नारळ फुटला, पट्टा फिरला. हौदाच्या नळीवर पांढरं दव धरलं तेव्हा सगळ्यांनी हात लावून पाहिला. मी दुपारी पाटी घेऊन पोचले तर कारखान्यातून माणसं डोळे पुसत बाहेर येत होती. अमोनियाचा भपका रस्त्यापर्यंत आला होता. दोन वाजल्यापासून दाबाचा काटा चढत गेला, लाल रेघेला टेकला, आणि महादेवला गॅस सोडून यंत्र बंद करावं लागलं. शेट ओरडला नाही. त्यानं एवढंच सांगितलं की आठ दिवसांनी अक्षय तृतीया आहे. त्या दिवशी बर्फ दिसला नाही तर कलकत्त्याच्या साहेबाला तार जाईल, आणि महादेवनं आपलं गोदीतलं काम बघावं.

महादेव गच्चीवर पिंजऱ्याला टेकून बसला होता. रखमानं पाटी उतरवली आणि ती शहाणी बाई लगेच खाली गेली.

"सगळं नकाशाप्रमाणे आहे," तो म्हणाला. "एक दोरा इकडचा तिकडे नाही. सकाळी चालतं... दुपारी चालत नाही. मला समजत नाही, शेवंता."

त्यानं माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. माझं लक्ष मात्र पंख्यावर होतं. समुद्राकडून भर्राट वारा येत होता, माझा पदर उडून तोंडावर येत होता, आणि पंखा पूर्वेच्या बाजूला उभा होता, तोंड पश्चिमेला करून.

"हा पंखा इथं का लावलास?"

"नकाशात लिहिलंय, वारा पाठीशी घ्यावा. रोज पहाटे बघितलं की मी. वारा इकडूनच येतो."

मला आधी हसू आलं आणि मग राग आला, खरोखरचा.

"पहाटे मतलई असतो. तो जमिनीवरून येतो. आमच्या नावा त्याच्यावर बाहेर पडतात. दुपारी त्या परत कशा येतात रे? वल्हवत?" माझा आवाज चढला. "खारा वारा येतो समोरून. तुझा पंखा त्याच्या तोंडावर फुंकतोय आणि तो तुझ्या पंख्याच्या. नळ्यांतून निघालेली आग जाईल कुठं? तिथंच फिरते. कोळ्याचा पोर असून तू वारा विचारला नाहीस?"

त्याचा चेहरा उतरला. मी फार बोलले होते. पण खोटं बोलले नव्हते, म्हणून शब्द मागे घेतले नाहीत.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी पहाटेच आले. आयेचं जुनं लाल लुगडं फाडून चार चिंध्या केल्या होत्या. त्या पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांना बांधल्या. नावेच्या डोलकाठीला बांधतात तशाच.

"आज काम करू नकोस," मी म्हटलं. "बस आणि बघ."

त्या दिवशी मासळी मी शेजारणीकडे दिली. आम्ही दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो, मध्ये हातभर अंतर ठेवून. पहाटे चिंध्या समुद्राकडे उडत होत्या. ऊन चढलं तशा लोंबकळल्या. वारा पडला. मग एक चिंधी हलली. पुन्हा हलली... आणि चारही एकदम वळून उलट्या दिशेला ताठ झाल्या.

"बारा वर्षांचा होतो," महादेव म्हणाला, "तेव्हा बा गेला, नावेसकट. त्यानंतर मी समुद्राकडे पाठच केली. वारासुद्धा बघायचा नाही, असं ठरवलं होतं."

मी हातभर अंतर थोडं कमी केलं. एवढंच.

"पण पहाटे मतलई उलटा येईल की," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"येऊ दे. तो मंद असतो, आणि पहाटे तसंही गार असतं. भांडण दुपारच्या वाऱ्याशी करू नये."

"तुझ्याशीही करू नये, असं दिसतंय."

"आता शहाणा झालास."

पुढचे पाच दिवस त्यानं आणि विल्फ्रेडनं पंखा उखडला, पश्चिमेच्या बाजूला नेला, नवा पट्टा शिवला. या वेळी तो दुपारीच काम करायचा, हाताला ओलं फडकं गुंडाळून. नव्या जागी बसवताना एक नट कमी पडला. मी कमरेचा बटवा सोडला आणि पाटीत पडलेला तोच नट त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं नटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पान्यानं तो इतका घट्ट आवळला की विल्फ्रेड म्हणाला, आता हा कारखाना पडला तरी हा नट निघायचा नाही.

तृतीयेच्या आदल्या पहाटे यंत्र सुरू झालं. दुपारी दोन वाजता काटा चढला, रेघेच्या खाली बोटभर थांबला, आणि तिथंच राहिला.

तृतीयेच्या दुपारी मी भरली पाटी घेऊन पोचले तेव्हा शेट, पाहुणे, कामगार सगळे अंगणात उभे होते. हौदातून पहिली लादी निघाली. उन्हात तिच्यातून वाफ उठत होती आणि आत पांढरी रेघ होती, शिंपल्यात असते तशी. ताज्या मासळीचा गर्व असलेली मी, पण माझ्याही अंगावर काटा आला. शेट पाहुण्यांना सांगत होता की विलायती नकाशा म्हणजे नकाशा. आठ दिवसांपूर्वी कुठं तरी किरकोळ चूक राहिली होती, एवढंच.

महादेवला गप्प राहता आलं असतं. त्याची नोकरी पक्की झाली होती, नाव झालं होतं, कोणी काही विचारलंही नव्हतं. पण तो पुढे आला.

"शेट, नकाशा बरोबर होता. चूक माझी होती," तो म्हणाला. "नकाशात लिहिलं होतं वारा पाठीशी घ्या. मी अर्धाच दिवस बघितला. वारा मला वरळीच्या शेवंतानं दाखवला. यंत्र मी उभं केलं, पण चालतंय ते तिच्यामुळे."

अंगणात सगळे माझ्याकडे वळले. एका कोळणीकडे, पाटीसकट. शेटचं तोंड जरा कडू झालं. मग त्यानं मान वर करून गच्चीकडे बघितलं. चार लाल चिंध्या पूर्वेकडे ताठ उडत होत्या.

"त्या तिथंच राहू द्या," तो म्हणाला. "जुन्या झाल्या की बाईंना विचारून नव्या बांधा."

बाईंना. त्या दिवशी माझी मान पाटीखालीही सरळ होती, आणि ती पाटीमुळे नव्हती. माझ्या बानं पुढे महिनाभर तोंड फुगवलं, आणि नावेत बर्फ नेणारा वरळीतला पहिला नाखवाही तोच. पण ते नंतरचं.

गर्दी पांगली. रखमा नेहमीप्रमाणे हात पुसत माझ्याकडे यायला निघाली. मी तिला नजरेनंच थांबवलं. महादेव लादीपाशी उभा होता. मी चालत गेले आणि त्याच्यासमोर थांबले, अगदी जवळ. त्याला कळेना काय झालं. हात त्यानं चटकन पाठीमागे नेले. त्याला नियम आठवत होता.

"महादेव," मी म्हटलं. "पाटी जड झालीय. उतरव."