पायाची बोटं

हे लिहिणारच नव्हतो मी. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा माझा दोस्त मन्या, म्हणजे मनोज, बाजूले येऊन बसला. म्हणे, "लिही बे. नाईतर आतल्या आत सडशील."

म्हणून लिहून राहिलो.

मी अंकुर. भातकुलीचा. घरी झेंडूची शेती, अन् मी अमरावतीले साउंडवाला. माईक, स्पीकर, मशीन. कॉलेजचे कार्यक्रम, सत्कार, प्रवचन... सहा वर्षांत हजारेक भाषणं ऐकली असतील. ऐकली म्हणजे पाहिली. मशीनच्या मागं बसून आवाज वरखाली करता करता माणूस वाचायची सवय लागते. कोणाचा हात खिशात गेला की समजायचं, आता हा पुढचं विसरणार. टेबल घट्ट धरलं की आवाज चिरकणार... मी आधीच बटन खाली करून ठेवतो. हे मले कोणी शिकवलं नाई.

दामिनी दिसली ती अशीच. एका कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळी मी वायरी टाकून राहिलो होतो अन् स्टेजवर ती रिकाम्या खुर्च्यांना भाषण देऊन राहिली होती. जांभळा कुर्ता. ओढणीचं टोक बोटाले गुंडाळलेलं, एवढं गच्च की बोट पांढरं पडलं.

"मॅडम, त्या बोटाले फाशी देऊन राहिल्या का?"

तिनं वरूनच पाहिलं. "तुम्ही साउंडवाले ना? साउंड पाहा."

"माईक बंद हाय. तरी मागच्या रांगेत समजलं मले, तुमी भेऊन राहिल्या ते."

"आवाजावरून?"

"बोटावरून."

हसली ती. हसताना ओढणी सुटली अन् बोटात रक्त परत आलं... मी तेच पाहत राहिलो. हातातली वायर कुठं लावायची होती, विसरलो.

"हात थरथरतात माझे," ती म्हणे. "काय करू?"

"पायाची बोटं चपलेत गच्च दाबा. थरथर खाली उतरते. लोकं हात पाहतात. पाय कोणी पाहत नाई."

तिनं दाबली. मंग दोन्ही हात समोर धरले — एकदम स्थिर. "अरे वा!" म्हणून अशी उडी मारली की माझा माईक पडला.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा आमी भेटलो. गाडीवर गिला वडा खायचा अन् भाषण शिकायचं. मशीनमागून मी कान धरला की हळू बोल. छातीवर हात ठेवला की थांब, लोकाईले श्वास घेऊ दे. सगळ्या खुणा तिथंच ठरल्या.

"समोर तीनशे माणसं असली की माझे डोळे छतालेच जातात," ती म्हणे.

"एक चेहरा पकड. त्याच्यासंगच बोल."

"कोणाचा?"

"मशीनच्या मागं मी असतोच की."

"लय भाव खाऊन राहिला बे तू!" मंग वड्याचा तुकडा कढीत बुडवत, खाली पाहून... "अन् भाषण संपल्यावरही नजर हटली नाई तर?"

मले ठसका लागला. "तर... तर मी लाईट घालवीन."

"घालव," ती म्हणे. "तरी दिसशील."

असं होतं सगळं. गोड. पुढचं टाईप करताना हात थांबून राहिला.

दामिनी अमरावतीले कॉलेजात शिकायले आलेली. तिचे बाबा शालिकराम, बाळापूरकडचे. चांगली काळी जमीन, अन् बैलबाजारात दलाली. तिनंच सांगितलं होतं, "बाबा सौदा तोंडानं करतच नाईत. दुपट्ट्याखाली समोरच्याची बोटं धरतात, बोटं दाबूनच भाव ठरतो. माणूस खोटा असला की म्हणे बोटातच समजते."

जानेवारीत अकोल्याले मोठी वक्तृत्व स्पर्धा होती. बाबा येणार होते. दामिनीनं ठरवलं, जिंकली तर त्याच दिवशी सांगायचं. "सुरुवात मी करीन. तू फक्त एक वाक्य बोलजो. काका, मी अंकुर, दामिनी मले आवडते."

सहा शब्द. वड्याच्या गाडीवर तिनं ते माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं. दहाही वेळा मी अडखळलो. ती हसून हसून लाल व्हायची.

अकोल्यातल्या साउंडवाल्याले सांगून मी मशीनवर बसलो, मन्या वायरी सांभाळायले. विषय होता मौन. दामिनी उभी राहिली, अन् बाई गप्प बसली की लोकं तिचा होकार कसा धरतात, ते बोलली. हात मोकळे. आवाज थांबे तिथं हॉल थांबे. नजर सरळ माझ्यावर. मी कानाले हात लावला नाई, छातीवर ठेवला नाई. गरजच पडली नाई.

एवढं सगळं शिकवलं मी तिले. एक गोष्ट माझ्याच ध्यानात आली नाई. समोर असा माणूस बसला होता, जो बैल घेताना बैलाआधी मालकाची नजर कुठं जाते ते पाहतो. टाळ्या वाजून राहिल्या होत्या अन् शालिकराम काका स्टेजकडं पाहतच नव्हते. पोरीच्या नजरेची दोरी धरून ते मागं वळले... दोरी माझ्याजवळ येऊन संपली.

पहिलं बक्षीस तिलेच भेटलं. काका मशीनजवळ आले. मागोमाग ती, ट्रॉफी छातीशी धरून.

"कोणाचा तू?"

"जानरावचा. भातकुली."

"फुलवाले?"

"हो."

त्यायनं माझा उजवा हात घेतला अन् खांद्यावरचा दुपट्टा त्याच्यावर टाकला. आत त्यांचा पंजा, खरबरीत, गरम.

"तोंडानं तं दुनिया बोलते, बाबू. माया पोरीले ओयखतं का तू? ओयखत असशील तं तिची अमरावती आजपासून बंद."

त्यांच्या मागं दामिनीनं हात वर केला. स्वतःचा कान धरला. हळू... सावकाश बोल. मी हाय.

अन् मी बोललो. नजर काकांच्या डोळ्यात, खांदे सैल, आवाज मोजून मधला. एकही शब्द न अडखळता.

"नाई, काका. मी साउंडवाला. आवाज बरोबर येते का, म्हणून सगळेच मशीनकडं पाहतात."

दुपट्ट्याखाली माझी बोटं दगडासारखी होती. जराही हलली नाईत.

काकांनी हात सोडला. "खरा हायेस. राग नको मानू." दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला अन् गेले.

दामिनी मात्र माझ्या तोंडाकडं पाहतच नव्हती. ती खाली पाहत होती. माझ्या चपलेत. बोटं एवढी दाबलेली की नखं पांढरी पडली होती.

जाता जाता थांबली. "छान बोलले तुम्ही, दादा," म्हणे. "जरासेही थरथरले नाई."

दादा.

वर्षभर मी सगळ्याले सांगत होतो, तिचं कॉलेज वाचावं म्हणून खोटं बोललो. मन्याले सांगितलं, तिले मेसेज टाकले. तिनं उत्तर दिलं नाई. अन् आज लिहिता लिहिता समजते, कॉलेज मले नंतर आठवलं. आधी "फुलवाले?" ऐकलं, त्या एका शब्दात त्यायनं आमचं घर मापलं हे समजलं, अन् भेलो. एवढंच. पंधरा मिनिटाआधी ती त्याच हॉलमध्ये गप्प बसण्यावर बोलली होती. मी गप्पही बसलो नाई.

मागच्या महिन्यात तिच्या एका भाषणाचा व्हिडिओ पाहिला. लय भारी बोलते आता. डावीकडं पाहते, उजवीकडं पाहते, शेवटच्या रांगेपर्यंत पाहते. कोण्या एका माणसावर नजर ठेवत नाई.

हे एवढं मन्यानं आता वाचलं. रविवारी तो चांदूर रेल्वेले चालला, त्याच्या आचलच्या बाबाशी लग्नाचं बोलायले. मघापासून मागं लागला होता, "एखादी ट्रिक सांग ना बे, हात थरथरून राहिले माये."

ट्रिक नाई सांगत, मन्या. वचन देतो. रविवारी मी तुयासंग येतो. चपला दोघंही दारात काढू, पायाची बोटं फरशीवर मोकळी ठेवू. अन् त्यायनं मले विचारलं, तू कोण, कोणाचा, काहून आला... तर मी अडखळत सांगीन, हात हलला तर हलू देईन. पण खरं सांगीन.